सारखी होणारी सर्दी टाळण्यासाठी काढे, गोळ्या आणि सवयी : यांतले काय ठेवावे, काय सोडावे?

मुलुंडवासी_गृहिणी :

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरात पाच माणसे आहेत : आम्ही पती-पत्नी, सासू-सासरे आणि छोट्या शिशूत जाणारी मुलगी. जूनमध्ये तिची शाळा सुरू झाल्यापासून घरात सर्दीची पाळी संपतच नाही. मुलगी बरी होते तोवर सासूबाईंना शिंका सुरू होतात, त्या सावरतात तोवर माझा घसा धरतो, आणि मला बरे वाटू लागावे तो मुलीचे नाक पुन्हा वाहू लागते. सासरे ७४ वर्षांचे आहेत व त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्यामुळे ही सर्दी त्यांच्या छातीत उतरू नये ही आम्हा सर्वांची खरी काळजी आहे. मी स्वतः मुलुंडहून फोर्टला रोज लोकलने जाते आणि दिवसभर पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित कार्यालयात बसते.

उपायांची आमच्याकडे कमतरता नाही. सासूबाई पहाटे उठून तुळस, सुंठ, मिरे, दालचिनी, ज्येष्ठमध आणि गुळवेल यांचा काढा उकळतात आणि तो घरातील प्रत्येकाने घ्यावा असा त्यांचा आग्रह असतो. त्यामागची माया मला दिसते, म्हणून त्यांना दुखवण्याची माझी इच्छा नाही. त्यांनी नातीचे दही, केळे आणि पेरू बंद केले आहेत. सोसायटीतील मैत्रिणींच्या सल्ल्याने पतींनी क जीवनसत्त्वाच्या चघळण्याच्या गोळ्या आणि झिंकच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत, शेजारच्या काकू दर रविवारी ड जीवनसत्त्वाची पुडी घ्या म्हणून सांगतात, आणि च्यवनप्राशाचा डबा तर वर्षभर असतोच.

इतके सर्व एकाच वेळी चालू असताना कशाचा उपयोग होतो आणि कशाचा होत नाही हे कळण्याचा मार्गच राहत नाही. सर्दी मुळात होऊ नये म्हणून यांतील नेमके काय करावे, आणि सासऱ्यांसारख्या औषधे चालू असलेल्या माणसाला यांतील काही अपायकारक तर ठरणार नाही ना, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_डॉक्टर_गिरगाव :

ताई, तुमचा प्रश्न फार नेटका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम मुलीविषयी. प्रौढ माणसाला वर्षातून दोन-तीन वेळा सर्दी होणे आणि नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला सहा ते आठ वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा होणे हे सर्वसामान्य आहे. सर्दी घडवणारे दोनशेहून अधिक विषाणू ज्ञात आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठ्या घराण्याचे, म्हणजे रायनोव्हायरसचेच, दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराशी झुंजून शरीराने मिळवलेले संरक्षण दुसऱ्या प्रकाराच्या वेळी फारसे कामी येत नाही. सर्दीवर आजवर लस निघू शकली नाही ती याच कारणाने, आणि एकाच पावसाळ्यात मुलाला चार वेळा सर्दी होते तीही याच कारणाने. तेव्हा मूल नीट खाते, खेळते आणि त्याचे वजन वाढते आहे तोवर त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असे समजून टॉनिकांच्या बाटल्या आणू नयेत.

आता सर्दी येते कुठून ते पाहू, कारण टाळण्याचे सर्व उपाय त्यावरच अवलंबून आहेत. आजारी माणसाच्या शिंकेतून, खोकल्यातून आणि बंद खोलीतील हवेतून विषाणू पसरतो, तसाच तो हातांवरूनही पसरतो. लोकलच्या दारातला दांडा, लिफ्टचे बटण, कार्यालयातील पाण्याच्या यंत्राचा नळ अशा ठिकाणी विषाणू काही तास तग धरू शकतो, आणि तिथे लागलेले बोट आपण नकळत नाकाला किंवा डोळ्याला लावतो तेव्हा तो आत शिरतो. मुंबईत आपण हजारो माणसांच्या हातांनी धरलेली कडी धरून प्रवास करतो आणि उतरल्यावर त्याच हाताने वडापाव खातो. म्हणून कार्यालयात पोहोचल्यावर आणि घरी परतल्यावर, कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी, साबणाने निदान वीस सेकंद हात धुणे हा मी सर्वांत वरचा उपाय मानतो. हात धुण्याच्या सवयीने समाजातील सर्दीसारखे श्वसनाचे आजार साधारण १६ ते २१ टक्क्यांनी कमी होतात असे दिसून आले आहे. सॅनिटायझर प्रवासात जरूर वापरावा, परंतु रायनोव्हायरसला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलचा मारा त्याच्यावर फ्लूच्या किंवा करोनाच्या विषाणूइतका चालत नाही. पाणी आणि साबण मिळेल तिथे तेच वापरावेत.

दुसरा मुद्दा हवेचा. आपल्याकडील बहुतेक स्प्लिट एसी खोलीतीलच हवा फिरवून गार करतात, बाहेरची ताजी हवा आत आणत नाहीत. बंद खोलीत एक जण शिंकत असेल तर बाकीचे तासन्‌तास तीच हवा घेत बसतात. जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटे खिडक्या उघडता येतात का हे कार्यालयात विचारून पाहा, आणि घरात ज्याला सर्दी आहे त्याच्या खोलीत एसी लावण्याऐवजी खिडकी उघडी ठेवून पंखा लावा.

तिसरा मुद्दा झोपेचा, आणि मुंबईकर नेमका इथेच कमी पडतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची दोन आठवडे नोंद ठेवून नंतर त्यांच्या नाकात रायनोव्हायरसचे थेंब घातले गेले. रोज सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. पुढे २०१५ साली मनगटावर झोप मोजणारे उपकरण बांधून १६४ जणांवर तसाच अभ्यास झाला. त्यात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना, सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत, चौपटीहून अधिक धोका दिसला. पहाटेची गाडी पकडणाऱ्याला लवकर झोपा म्हणून सांगणे सोपे आहे, करणे अवघड आहे, हे मी जाणतो. तरीही माझ्या माहितीतील कोणत्याही गोळीचा परिणाम याच्या जवळपासही जात नाही.

गोळ्यांपैकी क जीवनसत्त्वाविषयी सर्वाधिक संशोधन झाले आहे. दोन वेळा नोबेल मिळालेले लायनस पॉलिंग यांनी १९७० साली पुस्तक लिहून त्याचा पुरस्कार केला आणि तेव्हापासून जगभर या गोळ्या खपत आल्या आहेत. पुढे २०१३ साली २९ चाचण्यांमधील अकरा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा असे दिसले की रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांना सर्दी इतरांइतक्याच वेळा होते. झालेली सर्दी मात्र प्रौढांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये सुमारे १४ टक्के लवकर आटोपते. सात दिवसांच्या दुखण्यात प्रौढाचा अर्धा दिवस वाचतो, आणि तोही आधीपासून रोज गोळी घेत असल्यास. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू करून असा खात्रीचा लाभ आढळला नाही. अपवाद होता तो मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे आणि कडक थंडीत सराव करणारे सैनिक यांचा. अशा कठोर श्रमांत त्यांची सर्दी जवळपास निम्म्यावर आली. आपली दिवसाची गरज पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम इतकीच आहे, आणि ती एका मध्यम पेरूत सहज भागते. नातीचा पेरू बंद करून तिला क जीवनसत्त्वाची गोळी देणे यात तिचा तोटाच आहे. पेरू कृपया आजपासून सुरू करा.

औषधविक्रेता_दादर :

डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले त्याला दुकानाच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो, कारण लोक या गोळ्या कशा घेतात हे आम्हाला रोज दिसते.

झिंकच्या गोळ्या २०२० पासून घराघरांत पोहोचल्या आणि अनेकांनी त्या थांबवल्याच नाहीत. सर्दी होऊ नये म्हणून झिंक घेतल्याने फारसा फरक पडत नाही. सर्दी सुरू होताच घेतल्यास ती थोडी लवकर बरी होण्याची शक्यता काही चाचण्यांत दिसली आहे, पण त्या चाचण्या मुख्यतः तोंडात चघळत ठेवण्याच्या गोळ्यांच्या होत्या आणि त्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. प्रौढाने दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक झिंक घेऊ नये अशी मर्यादा आहे, आणि आमच्या फडताळात ५० मिलिग्रॅमची गोळीही असते. ती महिनोन्‌महिने घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊन रक्तक्षय आणि हातापायांना मुंग्या येणे असे त्रास होऊ शकतात. तुमच्या घरी मल्टिव्हिटॅमिनही चालू असेल तर त्यातही झिंक असते. दोन्ही पाकिटांच्या मागची बाजू एकदा शेजारी शेजारी धरून वाचा.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी हे औषध आहे. रक्ततपासणीत कमतरता आढळल्यावर डॉक्टर ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांसाठी लिहून देतात. आठ आठवडे संपल्यावरही लोक ती चालूच ठेवतात, आणि काही जण तर चुकून रोज घेतात. जास्त झालेले क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, तसे ड जीवनसत्त्वाचे होत नाही. ते चरबीत साठते, रक्तातील कॅल्शियम वाढवते आणि मूत्रपिंडाला इजा करते. शेजारच्या काकूंना ते तपासणीनंतर दिलेले असेल, तर त्यांनी ते घेणे योग्य आहे. तुम्ही आधी तपासणी करून घ्या. सर्दी टाळण्याबाबत म्हणाल तर २०१७ साली त्याच्या बाजूने आशादायक निष्कर्ष आले होते, विशेषतः ज्यांच्यात मोठी कमतरता होती त्यांच्याबाबतीत. पण पुढे अधिक चाचण्या मिळवून पाहिल्यावर तो लाभ विरत गेला आहे.

क जीवनसत्त्वाच्या चघळण्याच्या गोळ्या मुलीच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. संत्र्याच्या चवीमुळे मुले त्या गोळीबिस्किटांसारख्या खातात. एक गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. जास्त झाल्या तर जुलाब होतात, आणि ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर मोठ्या मात्रेपासून दूरच राहावे.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी ती सांगणे मला आवश्यक वाटते. मुलीला सर्दी झाली की दुकानातून परस्पर सिरप नेऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे दूषित सिरपमुळे बालकांचे जीव गेल्यानंतर, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, अशी सूचना केंद्र सरकारने पुन्हा दिली. आमच्या काउंटरवर आजही लोक मागील वेळची रिकामी बाटली दाखवून 'हेच द्या' म्हणतात. कृपया तसे करू नका. सासऱ्यांसाठीही सर्दीची तयार गोळी नेऊ नका, कारण चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या घटकाने त्यांचा रक्तदाब वाढू शकतो. आणि अँटिबायोटिकचा तर विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

वैद्य_पार्लेकर :

मी आयुर्वेदाची पदवीधर असून पार्ल्यात चिकित्सा करते. काढ्याबद्दल मी लिहिणे योग्य होईल असे वाटते.

सासूबाईंचा काढा पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही. घसा खवखवत असताना तुळस, आले आणि गवती चहाचे कोमट पाणी घेतल्याने जो आराम पडतो तो प्रत्येकाने अनुभवला आहे. पावसाळ्यात स्टेशनबाहेर भाजीवाल्या मावशी आले, पुदिना आणि गवती चहाची एकत्र बांधलेली जुडी विकतात. ती घरी आणून, पाती हाताने चुरडून उकळत्या पाण्यात टाका आणि वरून झाकण ठेवा. हे पेय अगदी सौम्य असते आणि घरातील बहुतेक माणसांना ते चालते. माझी हरकत आहे ती रोज, बारा महिने, पाचही माणसांना एकच काढा देण्याला. शास्त्रात औषध देताना प्रकृती, वय, ऋतू आणि अग्नी पाहावा असे सांगितले आहे. सुंठ, मिरे आणि दालचिनी ही तिन्ही उष्ण आहेत. मुंबईच्या ऑक्टोबरमधील उकाड्यात रिकाम्या पोटी ती रोज घेतल्याने अनेकांना आम्लपित्त, तोंड येणे आणि मूळव्याधीचा त्रास झालेला मी पाहते. आयुष मंत्रालयाने २०२० च्या साथीत काढा सुचवला तेव्हापासून तो कायमचा नित्यक्रम होऊन बसला आहे. त्याने सर्दी होतच नाही असे सिद्ध झालेले नाही, आणि तसा दावा आपण करू नये.

तुमच्या यादीतील दोन द्रव्यांबद्दल मात्र मी स्पष्टच सांगते. ज्येष्ठमध सासऱ्यांच्या काढ्यातून आजच काढा. दीर्घकाळ घेतल्यास ते शरीरात पाणी व क्षार धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम कमी करते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धासाठी हे धोक्याचे आहे. दुसरे द्रव्य गुळवेल. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी असे म्हटले. त्या वादात मी इथे शिरत नाही, पण दोन्ही बाजू खऱ्या मानल्या तरी कुंपणावरची वेल ओळखीवर तोडून आणून रोज घरभर वाटणे योग्य ठरत नाही. शिवाय गुळवेल रक्तातील साखर उतरवते, आणि सासऱ्यांची मधुमेहाची औषधे चालू आहेतच. ती घ्यायचीच असेल तर वैद्याने रुग्ण पाहून, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक काळासाठी द्यावी.

च्यवनप्राशात आवळा असला तरी साखरही भरपूर असते. सासऱ्यांनी तो चमचा आपल्या दिवसाच्या साखरेत मोजावा, नाहीतर घेऊ नये. हळदीचे दूध रात्री सर्वांना चालेल. मुलगी वर्षाहून मोठी असल्याने खोकल्यावर तिला अर्धा चमचा मध देण्यास हरकत नाही, आणि रात्रीचा खोकला त्याने खरोखर हलका होतो. वर्षाखालील बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंमुळे बोटुलिझम हा प्राणघातक आजार होऊ शकतो.

ज्या साध्या उपायाच्या मी मनापासून बाजूने आहे तो म्हणजे गुळण्या. जपानमध्ये २००५ साली ३८७ प्रौढांवर झालेल्या चाचणीत दिवसातून निदान तीन वेळा साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाचे संसर्ग ३६ टक्क्यांनी कमी आढळले. आयोडीनच्या औषधी द्रावणाने मात्र तसा लाभ झाला नाही. आपण मिठाच्या कोमट पाण्याने करतो, तेही उत्तम. जलनेती करणार असाल तर पाणी उकळून कोमट केलेले किंवा डिस्टिल्डच हवे. नळाचे पाणी थेट नाकात घेतल्याने मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा अमीबा-संसर्ग झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. नाकात तेल सोडण्याची पद्धतही अलीकडे फार पसरली आहे. वृद्धांनी आणि मुलांनी ती परस्पर करू नये, कारण तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरले तर तिथे दाह होतो. नाक कोरडे पडत असेल तर बोटाने नाकपुडीच्या कडेला तूप लावणे पुरेसे आहे.

मुलीच्या उशाशी कापराची पुरचुंडी ठेवत असाल तर ती काढून टाका. कापराचा लहानसा तुकडा पोटात गेला तरी मुलांना झटके येऊ शकतात. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आपल्या हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहून मग छाती शेकणे ठीक आहे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर तिला वाफ मात्र देऊ नका, भाजण्याचा धोका मोठा असतो.

बालवर्ग_शिक्षिका_चेंबूर :

वर्गात सर्दी कशी फिरते हे मी डोळ्यांनी पाहते, म्हणून लिहावेसे वाटले.

आई सकाळी मुलाच्या छातीवर घडी केलेला रुमाल पिनेने लावून पाठवते. मधल्या सुट्टीपर्यंत तो रुमाल ओला झालेला असतो, मूल त्यानेच नाक पुसते, त्याच हाताने ठोकळे उचलते आणि तेच ठोकळे शेजारचे मूल घेते. एकाच रुमालाऐवजी दप्तरात दोन कोरडे रुमाल आणि ओल्या रुमालासाठी वेगळी पिशवी द्यावी, असे मी प्रत्येक पालकसभेत सांगते. नाक पुसल्यावर हात धुण्याची सवयही मुलांना लागते. साबण लावून झाल्यावर 'ये रे ये रे पावसा' दोनदा म्हणेपर्यंत हात चोळायचे, असे आम्ही ठरवले आहे, आणि मुले ते आनंदाने करतात. शिंक आली की तळहाताऐवजी कोपराच्या खाचेत शिंकणे तर ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. घरी आल्यावर पायमोजे काढण्याआधी हात धुणे आणि मग आजी-आजोबांच्या मांडीवर जाणे, एवढा एक नियम तुमच्या घरी लावून पाहा. आजोबांसाठी त्याचा विशेष उपयोग होईल.

आईवडील दोघेही नोकरी करणारे असतात, पाळणाघरही आजारी मुलाला घेत नाही, आणि मग सकाळी तापाचे औषध देऊन मूल शाळेत पाठवले जाते. त्यांची अडचण खरी आहे, तरीही ताप असलेल्या मुलाला औषधाशिवाय ताप उतरून एक दिवस होईपर्यंत घरीच ठेवावे, अशी माझी सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे.

मुलुंडवासी_गृहिणी :

सर्वांची मनापासून आभारी आहे. वैद्य ताईंचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला, आणि ज्येष्ठमध व गुळवेल काढण्यास त्या लगेच तयार झाल्या. वैद्यांनी सांगितले आहे म्हटल्यावर त्यांना ते पटले. दही आणि केळ्याबद्दल मात्र त्यांचे मत बदललेले नाही. गार खाल्ल्याने, पावसात भिजल्याने सर्दी होते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले खोटे कसे असेल, असा त्यांचा प्रश्न आहे आणि मलाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. दुसरे म्हणजे, सासूबाईंना रोज सकाळी उठल्यावर लागोपाठ दहा-बारा शिंका येतात, नाकाला खाज सुटते, दुपारपर्यंत सर्व थांबते. ही सर्दीच समजावी का? आणि सासऱ्यांना फ्लूची लस द्यावी का?

निवृत्त_डॉक्टर_गिरगाव :

सासूबाईंचा प्रश्न वाजवी आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांनीही पुष्कळ विचार केलेला आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे १९४६ साली सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झाले. तिथे स्वयंसेवकांना ओले करून, ओले पायमोजे घालायला लावून वाऱ्याच्या झोतात बसवले गेले, पण त्यामुळे त्यांना अधिक सर्दी झाली नाही. विषाणूशिवाय केवळ गारठ्याने सर्दी होत नाही, एवढे निश्चित. मात्र २०१५ साली येल विद्यापीठात उंदरांच्या पेशींवर झालेल्या प्रयोगांत, रायनोव्हायरस शरीराच्या ३७ अंश तापमानापेक्षा नाकातील ३३ अंशांच्या आसपास अधिक जोमाने वाढतो आणि त्या तापमानाला पेशींचा प्रतिकारही मंदावतो, असे आढळले. त्यामुळे भिजून आल्यावर डोके पुसावे, कोरडे कपडे घालावेत हा त्यांचा आग्रह पाळण्यासारखाच आहे. शिवाय पावसात आपण खिडक्या लावून, गर्दी करून एकत्र बसतो, आणि विषाणूला तेच हवे असते. जुन्या अनुभवाचा बराच भाग यात असावा असे मला वाटते. दही-केळ्याने सर्दी होते याला मात्र आधार नाही. दुपारच्या जेवणात ताजे, फ्रिजबाहेर ठेवलेले दही नातीला द्यावे असा मध्यम मार्ग सासूबाईंपुढे ठेवून पाहा.

सकाळच्या शिंका, खाज, ताप नाही आणि दुपारी सर्व शांत, हे वर्णन सर्दीपेक्षा ॲलर्जीचे अधिक वाटते. विषाणूची सर्दी सात ते दहा दिवसांत आटोपते, ॲलर्जी महिनोन्‌महिने चालते. मुंबईच्या दमट हवेत गाद्या-उशांमध्ये धुळीतील सूक्ष्म किडे वाढतात आणि पावसाळ्यात भिंतींना व कपाटांच्या मागे बुरशी धरते. गाद्यांना ऊन दाखवणे, अभ्रे आठवड्याला गरम पाण्याने धुणे, ओल आलेली भिंत दुरुस्त करणे, आणि बंद खोलीत उदबत्ती किंवा डासांची अगरबत्ती न जाळणे याने त्यांना बराच फरक पडेल. तरीही शिंका राहिल्या तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण ॲलर्जीवर चांगले उपचार उपलब्ध आहेत आणि काढ्याने ती जाणार नाही.

सासऱ्यांना फ्लूची लस जरूर द्या. तिने साधी सर्दी थांबणार नाही, पण मधुमेही वृद्धाला खरा धोका फ्लूचा आणि त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाचा असतो. मुंबईत फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून लस दरवर्षी एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी; यंदा राहिली असेल तर आताही घेता येईल. न्यूमोकोकसची लसही त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांना सर्दी झालीच तर साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासा, कारण संसर्गात ती वाढते. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, धाप लागली, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यांना तत्काळ दाखवा.

खिडक्या उघड्या ठेवा असे मी वर लिहिले, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुंबईची हवा धूळ आणि धुराने जड झालेली असते. त्या दिवसांत खिडक्या दुपारी, समुद्रावरून वारा सुटल्यावर उघडा, आणि सासऱ्यांची फेरीही त्याच सुमारास ठेवा.